पाणथळीच्या रकान्यात शून्य लिहिण्याआधी

प्रति,
जमीनवापराचे आराखडे आखणारे नियोजनकार, त्यांवर सही करणारे अधिकारी आणि त्यांना मंजुरी देणारे लोकप्रतिनिधी यांस,

विषय : पाणथळ जागांवर भराव घालण्याच्या प्रस्तावांत न मांडला जाणारा खर्च

सप्रेम नमस्कार.

एखादी दलदल भरून तिथे वसाहत, गोदाम किंवा रस्ता करायचा प्रस्ताव तुमच्यासमोर येतो, तेव्हा त्याला खर्चाचा तक्ता जोडलेला असतो. किती घनमीटर माती लागेल, डंपरच्या किती खेपा होतील, संरक्षक भिंतीला काय लागेल, सगळं त्यात असतं. भराव पडण्याआधी ती जागा जे काम करत होती, त्याचा मात्र रकानाच नसतो, आणि रकाना नसला की त्या कामाची किंमत आपोआप शून्य धरली जाते. हे शून्य खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचे पुरावे जगभर निदान पन्नास वर्षांपासून उपलब्ध आहेत. तुम्ही फाइलवर सही करण्याआधी ते तुमच्या नजरेखालून जावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

पाणथळ जागा म्हणजे काय, यावर आंतरराष्ट्रीय पातळीवर फारसा वाद उरलेला नाही. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर या गावी झालेल्या कराराने दलदली, पाणवठे, पीटभूमी (अर्धवट कुजलेल्या पाला-मुळांचे थर साचलेली ओली जमीन), खाड्या, खारफुटी, आणि ओहोटीच्या वेळी सहा मीटरहून जास्त खोल नसलेला सागरी पट्टा, हे सगळं एका व्याख्येत घेतलं. आज १७० हून अधिक देश या करारात आहेत आणि अडीच हजारांहून जास्त जागा त्याच्या यादीत आहेत. एवढं असूनही याच कराराच्या २०१८ च्या जागतिक अहवालाने नोंदवलं, की १९७० ते २०१५ या काळात मोजणी झालेल्या नैसर्गिक पाणथळींपैकी सुमारे ३५ टक्के नाहीशा झाल्या आणि हा वेग जंगलतोडीच्या तिप्पट आहे. जंगल तुटलं की निदान बातमी होते. पाणथळ बुजते तेव्हा बघणाऱ्याला ती जागा सुधारल्यासारखीच वाटते.

तेव्हा आधी ती जागा काय काम करते, ते जवळून बघू. पाणकणीस उगवलेल्या उथळ काठावर चिखलात काठी खुपसून वर काढा. वरची बोटभर माती करडी-तपकिरी असते, त्याखालची काळी असते आणि तिला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास घाणीचा समजून आपण नाक मुरडतो, पण तिथे प्राणवायू नाही आणि त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू कामावर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शेतातून वाहून आलेल्या खतातलं आणि गावाच्या सांडपाण्यातलं नायट्रेट हे जिवाणू श्वसनासाठी वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायूच्या रूपात हवेत सोडून देतात. आता त्याच चिखलातून पाणकणसाचं एक मूळ उपटून पाहा. बऱ्याचदा त्याच्याभोवती गंजाच्या रंगाचं आवरण दिसतं. ही वनस्पती पोकळ देठांतून हवा खाली मुळांपर्यंत पोहोचवते, तिथे थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो, चिखलातलं लोह गंजतं आणि त्या गंजाला फॉस्फरस चिकटून बसतो. म्हणजे एका मुठीएवढ्या चिखलात प्राणवायू असलेली आणि नसलेली अशा दोन्ही प्रक्रिया एकमेकींना खेटून चालू असतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात याच दोन प्रक्रियांसाठी वेगवेगळ्या टाक्या बांधाव्या लागतात आणि हवा भरायला रात्रंदिवस वीज जाळावी लागते.

हे प्रयोगशाळेपुरतं नाही. युगांडाची राजधानी कंपाला आणि व्हिक्टोरिया सरोवर यांच्या मधे नाकिवुबो नावाची दलदल आहे. शहराचं सांडपाणी, अर्धवट प्रक्रिया झालेलं आणि अजिबात न झालेलं, या दलदलीतून सरोवराच्या उपसागरात उतरतं, आणि शहर आपलं पिण्याचं पाणी त्याच उपसागरातून उचलतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अर्थशास्त्रज्ञांनी या दलदलीच्या कामाची किंमत काढली. हिशेबाची पद्धत कोणती घ्यावी त्यानुसार ती वर्षाला सुमारे १० लाख ते साडेसतरा लाख डॉलर निघाली. तोवर त्या जागेकडे बांधकामासाठी मोकळी असलेली शहरालगतची जमीन म्हणूनच पाहिलं जात होतं.

कोलकात्याचं उदाहरण तर प्रत्येक नियोजनकाराने जाऊन पाहावं असं आहे. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांचा पट्टा आहे. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत सोडलं जातं. ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून त्यातले सेंद्रिय पदार्थ फोडतात, त्यातून वाढलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मासे खातात, आणि तळ्यातून बाहेर पडणारं पाणी पुढे शेतीला जातं. शहराला ताजे मासे आणि भाजी मिळते, हजारो कुटुंबांना रोजगार मिळतो आणि शुद्धीकरणाचा फार मोठा खर्च वाचतो. ही व्यवस्था कुठल्याही खात्याने आखलेली नव्हती. मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून उभी केली. ध्रुबज्योती घोष या अभियंत्याने १९८० च्या दशकात तिचा अभ्यास करून ती जगापुढे मांडली. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिथल्या जमिनीचा वापर बदलण्यावर बंधनं आणली आणि २००२ मध्ये ती रामसर यादीत गेली. अतिक्रमणाचा धोका त्यानंतरही टळलेला नाही. तरी सरकारी सेवेतल्या एका अभियंत्याने आपल्या शहराचं सांडपाणी नेमकं जातं कुठे हा साधा प्रश्न नेटाने लावून धरला, म्हणून ती जागा आज नकाशावर आहे. असा प्रश्न तुमच्यापैकी कुणीही विचारू शकतो.

आता पुराकडे वळतो, कारण अंदाजपत्रकाला सगळ्यात मोठी भोकं पूरच पाडतो.

अमेरिकेत बॉस्टनजवळून वाहणाऱ्या चार्ल्स नदीला १९५५ आणि १९६८ मध्ये मोठे पूर आले. उपाय शोधायचं काम लष्कराच्या अभियंता दलाकडे होतं. ही मंडळी धरणं आणि तटबंद्या बांधण्यासाठीच ओळखली जातात. त्यांच्या लक्षात आलं, की नदीच्या खालच्या, बांधकामाने भरलेल्या भागातलं पाणी काही तासांत अंगावर येतं, पण वरच्या खोऱ्यातलं पाणी तिथल्या दलदलींत थबकतं आणि कित्येक दिवस घेत हळूहळू उतरतं. दोन्ही लोंढे एकाच वेळी शहरावर आले असते तर काय झालं असतं, हे त्यांना आकड्यांत दिसलं. पूर थोपवण्याचं काम वरच्या दलदली करतच होत्या, फक्त त्या भरल्या जाणार नाहीत याची हमी हवी होती. धरण आणि तटबंदीचा अंदाजे खर्च होता १० कोटी डॉलर. दलदली विकत घेऊन किंवा त्यांच्यावरचे हक्क घेऊन त्या कायमच्या जपण्याचा खर्च त्याच्या सुमारे एक दशांश. १९७४ मध्ये अमेरिकी संसदेने या योजनेला मंजुरी दिली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ८,१०० एकर पाणथळ जमीन सुरक्षित केली गेली. निसर्गप्रेमाचा मुद्दा निर्णयाच्या केंद्रस्थानी नव्हता. स्वस्त काय पडतं एवढंच पाहिलं गेलं, आणि दलदल स्वस्त पडली.

किनाऱ्यावरही हेच दिसतं. २०१२ च्या सँडी चक्रीवादळात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पाणथळींनी सुमारे ६२.५ कोटी डॉलरचं थेट नुकसान टाळलं, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर संशोधकांनी गावोगावच्या मृत्यूंची आकडेवारी तपासली. समुद्र आणि गाव यांच्या मधे खारफुटीचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी, असं त्यांना आढळलं. हवामान खात्याच्या वेळेवर मिळालेल्या इशाऱ्याने खारफुटीपेक्षाही जास्त जीव वाचवले, असं त्याच अभ्यासाने नोंदवलं आहे. मी ते मुद्दाम सांगतो आहे. पाणथळ राखली की बाकी काही करायला नको, असा दावा कुणी करू नये. जी दलदल आधीच काठोकाठ भरलेली आहे, ती नव्या पावसाचं फारसं पाणी पोटात घेऊ शकत नाही. कुठली पाणथळ किती पाणी अडवते, हे तिची जागा, खोली आणि तिचे येण्या-जाण्याचे मार्ग यांवर ठरतं. म्हणून तर प्रत्येक जागेचा स्वतंत्र हिशेब हवा. ठोकळ शून्य चालणार नाही.

पीटभूमीच्या बाबतीत हे शून्य सगळ्यात महागात पडलं आहे. सतत पाण्याखाली राहिल्याने पाला-मुळं पुरती कुजत नाहीत आणि थरावर थर साचत जातात. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे एक मीटरचा थर व्हायला हजार वर्षं लागतात. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर अशी भूमी आहे, पण तिच्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. इंडोनेशियाने १९९० च्या दशकाच्या मध्यात मध्य कालिमांतानमधली सुमारे १० लाख हेक्टर अशी भूमी भातशेतीसाठी हाती घेतली. पाणी काढून देण्यासाठी ४,००० किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खोदले. आम्लधर्मी, पोषणद्रव्यं नसलेल्या त्या मातीत भात नीट आलाच नाही. मात्र पाणी उतरल्यावर हजारो वर्षांचा साठा उघडा पडून वाळला आणि १९९७ च्या कोरड्या मोसमात पेटला. पीटची आग वरून विझल्यासारखी वाटली तरी जमिनीखाली धुमसत राहते. योजना गुंडाळली गेली, कालवे राहिले. २०१५ मध्ये इंडोनेशियात पुन्हा मोठे वणवे लागले. सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली आणि तिच्यात पीटभूमीचा वाटा मोठा होता. जागतिक बँकेने देशाचं नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. भातशेतीच्या त्या योजनेला मंजुरी मिळाली, तेव्हा कागदावर जमीन फुकट होती.

पाणथळी मिथेनही सोडतात आणि तो तापमानवाढीत भर घालतो, हे खरं आहे. पण त्या कारणाने त्यांचं पाणी काढून टाकावं, असा निष्कर्ष निघत नाही. पाणी काढलेली पीटभूमी पुढची कित्येक दशकं कार्बन डायऑक्साइड सोडत राहते आणि वरून खचतही जाते. शेवटी ती आसपासच्या पाण्याच्या पातळीखाली गेली, की ती कोरडी ठेवायला पंप चालवावे लागतात, तेही कायमचे.

एका पाणथळीचा निर्णय एकाच जागेपुरता नसतो, हेही त्या रकान्यात यायला हवं. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा हा पक्षी अलास्कातून निघून दक्षिण गोलार्धापर्यंत वाटेत कुठेही न उतरता उडतो. २०२२ मध्ये उपग्रह-टॅग लावलेल्या एका कोवळ्या पक्ष्याने अकरा दिवसांत १३,५०० किलोमीटरहून जास्त अंतर कापून टास्मानिया गाठलं. परतीच्या प्रवासात मात्र हे पक्षी पीतसमुद्राच्या काठच्या चिखलपट्ट्यांवर उतरतात आणि तिथल्या शिंपल्या-किड्यांवर चरबी भरून घेतात. दक्षिण कोरियाने त्याच किनाऱ्यावर सेमांगुम इथे ३३ किलोमीटरची सागरी भिंत बांधून २००६ मध्ये भरतीचं पाणी अडवलं. ऑस्ट्रेलियाहून येऊन तिथे मोठ्या संख्येने उतरणारे ग्रेट नॉट पक्षी नंतर घटले, आणि ते आजूबाजूच्या दुसऱ्या चिखलपट्ट्यांवर गेले असतील ही आशाही गणनेत खरी ठरली नाही. दुसऱ्या पट्ट्यांवर आधीच त्यांचे त्यांचे पक्षी होते. एका देशाच्या भिंतीचा परिणाम ऑस्ट्रेलियात पक्षी मोजणाऱ्यांना दिसला.

माणसांचं तरी वेगळं काय होतं? पाणथळीवर मासे धरणारी, लव्हाळं कापणारी, जनावरं चारणारी, शिंपल्या वेचणारी माणसं असतात. त्यांच्या कमाईची पावती कुठे फुटत नाही, म्हणून ती देशाच्या उत्पन्नात दिसत नाही. यातलं पुष्कळसं काम बायका करतात, त्यामुळे ते दुहेरी अदृश्य. जागा भरली की फायदा एका मालकाच्या ताळेबंदात ठळक दिसतो आणि तोटा हजार घरांत थोडाथोडा वाटला जातो. थायलंडमध्ये खारफुटी तोडून कोळंबीची तळी केली गेली, तेव्हा अभ्यासकांनी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. मालकाच्या नजरेतून कोळंबी फायद्याची होती. पण तिला मिळणारं अनुदान, सोडलं जाणारं घाण पाणी आणि काही वर्षांनी तळं निकामी झाल्यावर जमीन पूर्ववत करण्याचा खर्च धरला, तर समाजाच्या पदरी तोटाच येत होता. मला ही बाब सगळ्यात जास्त टोचते, कारण हा तोटा ज्यांच्या पदरी येतो ती माणसं तुमच्या सुनावणीला येऊ शकत नाहीत. त्या दिवशी त्यांना कामावर जायचं असतं.

या संदर्भात तुमच्याकडे हमखास येणाऱ्या तीन युक्तिवादांबद्दल लिहितो.

पहिला डासांचा. पाणथळ म्हणजे रोगराई, म्हणून बुजवा. डास वाढतात ते मुख्यतः साचलेल्या, कुणी शिकारी नसलेल्या पाण्यात. मासे, चतुरांच्या अळ्या आणि पाणकिडे असलेल्या जित्या पाणथळीत डासांच्या अळ्यांना खाणारी तोंडं पुष्कळ असतात. अर्धवट भराव टाकून, पाण्याची वाट अडवून उरलेली डबकी मात्र डासांसाठी फार सोयीची असतात. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही, पण अर्धवट बुजवण्याने तो वाढण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा सुशोभीकरणाचा. हा दिसायला मित्रासारखा असतो. तळ्याभोवती दगडी भिंत, फरसबंदी वाट, दिवे, कारंजं आणि मध्ये खोल केलेलं पाणी. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं काम उथळ, उतरत्या, कधी ओल्या कधी कोरड्या काठावर चालतं. चिखल्या आणि तुतवार हे पक्षी तिथेच चरतात, मासे तिथल्याच गवतात अंडी घालतात. भिंत उभी केली की नेमका तोच काठ संपतो. पाणी शिल्लक राहतं, पाणथळ जाते.

तिसरा भरपाईचा. इथली दलदल भरतो, तिकडे तेवढीच नवी खोदून देतो. वरच्या खोऱ्यात पूर अडवणारी जागा भरून नदीच्या मुखाशी तळं खोदलं, तर मधल्या गावांना त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय पाणथळ ही खड्डा आणि पाणी यांची बेरीज नव्हे. तिची माती, बियांचा साठा आणि पाण्याच्या चढउताराची लय तयार व्हायला दशकं लागतात, पीटच्या बाबतीत सहस्रकं. फ्लोरिडातल्या किसिमी नदीचं उदाहरण मोठं आहे. सुमारे १६६ किलोमीटर वळणावळणाने वाहणारी ही नदी पूरनियंत्रणासाठी १९६२ ते १९७१ या काळात ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात कोंडली. काठच्या दलदली सुकल्या, पाणपक्षी दिसेनासे झाले, खालच्या ओकिचोबी सरोवरात पोषणद्रव्यांचा लोंढा जाऊ लागला. काम संपतं न संपतं तोच ते उलटं फिरवायची मागणी सुरू झाली. नदीचा काही भाग पुन्हा मूळ वळणांवर आणण्याचं काम १९९९ मध्ये सुरू होऊन २०२१ मध्ये पूर्ण झालं. पक्षी परतले, ही आनंदाची गोष्ट. पण बिघडवायला नऊ वर्षं लागली आणि एक भाग सुधारायला वीसहून जास्त.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. पाणथळीची हद्द कोरड्या महिन्यातल्या पाण्यावरून आखू नका. पाणी सर्वांत दूरवर पसरतं तेव्हाची रेषा घ्या आणि अनेक वर्षांची घ्या, उपग्रहचित्रं त्यासाठी उपलब्ध आहेत. पाणी आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे मार्ग त्याच हद्दीचा भाग माना. पाणथळीला हात न लावता वरचा नाला वळवूनही ती मारता येते, आणि असं फार वेळा होतं. लहान पाणथळी वगळू नका, कारण पाऊस संपल्यावर सुकणाऱ्या तळ्यांत मासे टिकत नाहीत आणि बेडकांची अंडी तिथेच वाचतात. आणि ज्यांचं पोट त्या जागेवर आहे, त्यांची सुनावणी त्यांच्या जागी आणि त्यांच्या वेळेला घ्या.

घरं हवीत, रस्ते हवेत, रोजगार हवा, हे आम्ही नाकारत नाही. कधी एखाद्या पाणथळीचा काही भाग घ्यावाही लागेल. पण तो निर्णय पूर्ण हिशेब समोर ठेवून झाला पाहिजे. म्हणून भरावाच्या प्रत्येक प्रस्तावाला एक जोडपान सक्तीचं करा. ही जागा किती पाणी किती काळ थोपवते, किती सांडपाणी निवळते, भूजलात किती भर घालते, किती कुटुंबं तिच्यावर जगतात, आणि हे काम बंद पडलं तर त्याची जागा कोण, कुठल्या निधीतून आणि दरवर्षी किती खर्चाने भरून काढणार, हे त्यात असावं. ते पान मंजुरीआधी निदान दोन महिने लोकांसाठी खुलं असावं. जिथे आकडा काढता आला नाही, तिथे ‘मोजलेले नाही’ असं लिहावं, शून्य लिहू नये. आणि त्याखाली ते तयार करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही आणि तारीख असावी.

आपला,
एक करदाता नागरिक